अमेरिकेतील पदवी प्रवेश आणि इथल्या महाविद्यालयांची जबाबदारी : स्वागताध्यक्षीय भाषण

 ज्या कल्याणात आनंदीबाई जोशी यांचे बालपण गेले, त्या नगरीने अमेरिकेतील पदवी प्रवेशांवरच्या या परिषदेचे यजमानपद स्वीकारणे सर्वार्थाने उचित आहे. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे १८८३ साली प्रवेश मागताना आनंदीबाईंनी प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पूर्ण होत नसतील हे लपवले नाही आणि हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रीच्या हातून वैद्यकीय मदत मिळावी हा आपला हेतू निःसंदिग्ध शब्दांत मांडला. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. अर्जदाराच्या गुणांइतकेच त्याच्या हेतूला आणि त्याच्या पूर्वपीठिकेला महत्त्व देण्याची अमेरिकी महाविद्यालयांची रीत आजही टिकून आहे, आणि इथल्या विद्यार्थ्याला सर्वांत अपरिचित वाटते तीही हीच रीत.

अपरिचित म्हणण्याचे कारण असे की, अमेरिकेतील शिक्षण हा विषय मराठी घरांना नवा नसला, तरी त्यातला पदवीपूर्व भाग बऱ्याच अंशी नवा आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. परंतु त्यांपैकी पदवीपूर्व वर्गांत शिकणारे सुमारे ३६ हजारच होते, बाकीचे बहुसंख्य एमएस किंवा पीएचडीसाठी गेलेले अथवा शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या मुदतीत नोकरी करणारे होते. त्यामुळे बारावीनंतर अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींना घरातून, नात्यातून आणि शेजारून जो सल्ला मिळतो तो बहुधा एमएस केलेल्या मावसभावाचा असतो, आणि तो कितीही कळकळीचा असला तरी पदवीपूर्व प्रवेशासाठी पुरा पडत नाही. पदव्युत्तर प्रवेशाचा निर्णय मुख्यतः त्या त्या विभागातले प्राध्यापक विषयातील तयारी पाहून घेतात. पदवीपूर्व प्रवेशाचा निर्णय मात्र महाविद्यालयाचे स्वतंत्र प्रवेश कार्यालय घेते, आणि ते नववीपासूनचे गुण, निवडलेले विषय, शिक्षकांची पत्रे, निबंध, वर्गाबाहेरचे काम आणि घरची परिस्थिती हे सर्व एकत्र ठेवून वाचते.

अर्जदाराने सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे आपण कोणत्या वर्गवारीत मोडतो. बारावीनंतर कोणत्याही महाविद्यालयात पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश न घेतलेला विद्यार्थी प्रथम वर्षाचा अर्जदार ठरतो. ज्याने तसा प्रवेश घेऊन काही शिक्षण पूर्ण केले आहे, तो ट्रान्सफरचा, म्हणजे एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊ पाहणारा, अर्जदार ठरतो. नेमकी सीमारेषा प्रत्येक महाविद्यालय आपापल्या नियमांत आखते, पण ती मूळ महाविद्यालय कोणत्या देशातले आहे यावर सहसा अवलंबून नसते. महाराष्ट्रात वर्ष वाया जाऊ नये म्हणून सीईटीच्या फेरीत मिळालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नाव घालून ठेवण्याची आणि अमेरिकेची तयारी बाजूने चालू ठेवण्याची जी पद्धत आहे, तिचा परिणाम पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. असा विद्यार्थी एक सत्र पुरे करून पुढच्या वर्षी अर्ज करतो, तेव्हा अनेक महाविद्यालयांत त्याला प्रथम वर्षाच्या वाटेने जाता येत नाही. त्याची स्पर्धा थोड्या जागांसाठी असते, अर्थसाहाय्याचे नियम वेगळे असतात, आणि झालेले शिक्षण अर्जात दडवले तर तो खोटेपणा ठरून मिळालेला प्रवेशही पुढे रद्द होऊ शकतो. वर्ष वाया जाण्याची भीती समजण्यासारखी आहे. परंतु ज्याला अमेरिकेलाच जायचे आहे त्याने मधल्या वर्षात नाव घालण्यापूर्वी आपल्या यादीतील प्रत्येक महाविद्यालयाचा नियम वाचावा, आणि तो संदिग्ध वाटल्यास प्रवेश कार्यालयाला लिहून विचारावे.

ट्रान्सफरची वाट कमी प्रतीची आहे असा जो समज आहे, तो अमेरिकेतील व्यवस्था पाहिली तर टिकत नाही. तेथे कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय त्यांतले सर्वांत जुने मानले जाते. तेथे दोन वर्षे शिकून उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करणे ही लाखो अमेरिकी विद्यार्थ्यांची नित्याची वाट आहे. कॅलिफोर्नियात तर १९६० च्या शिक्षणविषयक आराखड्याने या वाटेला राज्याच्या धोरणातच स्थान दिले. त्या राज्यातील कम्युनिटी कॉलेजच्या कोणत्या विषयाला विद्यापीठात कोणता विषय समकक्ष धरला जाईल, याची सार्वजनिक यादी उपलब्ध असते, आणि ठरावीक विषय व गुणसरासरी साधणाऱ्या विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नऊ पदवी परिसरांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एकाकडून प्रवेशाची आगाऊ हमी घेता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो येथे ती हमी नाही. परदेशी विद्यार्थ्याला या महाविद्यालयांत राज्याबाहेरच्यांसाठीचे जादा शुल्क पडते हे खरे. तरीही पहिल्या दोन वर्षांचा खर्च खासगी विद्यापीठाच्या तुलनेत बराच कमी राहतो, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने या मार्गाचा विचार संकोच न बाळगता करायला हवा.

भारतातून थेट ट्रान्सफर करणाऱ्याची खरी परीक्षा श्रेयांकांच्या मोजणीत होते. श्रेयांक म्हणजे एखाद्या विषयाला दिलेल्या अध्यापन-तासांवरून ठरणारे माप. चार वर्षांच्या अमेरिकी पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात, आणि त्यांतले निदान निम्मे आपल्याच वर्गांत मिळवलेले असावेत असा पुष्कळ विद्यापीठांचा आग्रह असतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता की, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत. हे त्या देशातल्या त्या देशात. परदेशातून येणाऱ्याची गुणपत्रिका तर अधिकच अनोळखी असते. उदाहरणार्थ, इथल्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या गणितात संमिश्र संख्या, आंशिक विकलन आणि सारणी असे घटक बहुधा एकाच विषयात शिकवले जातात. अमेरिकेत यातला काही भाग अनेक चलांच्या कॅल्क्युलसमध्ये, काही रेषीय बीजगणितात, असा वेगवेगळ्या विषयांत विभागलेला असतो, आणि तेथल्या कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्रातला बराचसा मजकूर इकडे बारावीतच होऊन गेलेला असतो. मूल्यमापन करणाऱ्याच्या हाती नुसती ‘गणित-१’ असे लिहिलेली गुणपत्रिका पडली, तर तो फार तर ऐच्छिक विषयाचे श्रेयांक देतो, आणि विद्यार्थ्याला तोच भाग पैसे भरून पुन्हा शिकावा लागतो. त्याच्या हाती घटकवार अभ्यासक्रम, प्रत्येक घटकाचे तास, नेमलेली पुस्तके आणि प्रात्यक्षिकांची यादी, विद्यापीठाच्या शिक्क्यासह पडली, तर तो एकेक घटक जुळवून पाहू शकतो. म्हणून अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती ज्या वर्षी शिकले त्याच वर्षी मिळवून ठेवाव्यात. अभ्यासक्रम बदलल्यानंतर जुनी प्रत शोधताना विद्यार्थ्यांची कार्यालयात होणारी वणवण टळण्यासारखी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता इकडच्या गुणपत्रिकांवरही श्रेयांक छापले जात आहेत, ही सोय चांगली आहे. पण तेच आकडे अमेरिकेत जसेच्या तसे धरले जातील असे मानू नये. त्याचप्रमाणे टक्केवारीचे चारच्या मापातील गुणसरासरीत स्वतः रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये. मूळ गुण मूळ मापात लिहावेत आणि रूपांतर महाविद्यालयावर किंवा त्याने सुचवलेल्या मूल्यमापन संस्थेवर सोडावे.

पैशाचा प्रश्न शेवटी विचारायचा नसतो, तो यादी करतानाच विचारायचा असतो. अमेरिकेतील नामांकित खासगी महाविद्यालयांचा शिकवणी, निवास व भोजन यांसह वार्षिक खर्च आज ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि त्या देशाचे संघीय अर्थसाहाय्य विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही; जे मिळते ते महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी महाविद्यालये प्रथम वर्षाच्या परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज प्रवेशाचा निर्णय घेताना पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर ती पूर्ण भागवतात. बाकीची बहुतेक ती पाहतात, म्हणजे दोन तुल्यबळ अर्जदारांत मदत न मागणाऱ्याचे पारडे जड होऊ शकते. ट्रान्सफरच्या परदेशी अर्जदारासाठी तर हे नियम पुष्कळदा आणखी कडक असतात. यावरून मदत मागूच नये असा निष्कर्ष काढणे चूक होईल. ज्या कुटुंबाला गरज आहे त्याने ती पहिल्याच अर्जात मांडली पाहिजे, कारण पहिल्या वर्षी न मागितलेली मदत पुढे परदेशी विद्यार्थ्याला देत नाहीत असा अनेक महाविद्यालयांचा नियम आहे, आणि घर किंवा शेत गहाण टाकून काढलेल्या कर्जावर पहिले वर्ष निभावून पुढचे पाहू असा हिशेब मुलांच्या माथी फार मोठे ओझे ठेवतो. नोव्हेंबरातील बांधील अर्ज, ज्यात प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेण्याचे वचन द्यावे लागते, तो तर मिळू शकणाऱ्या मदतीचा अंदाज घेतल्याखेरीज करूच नये.

परीक्षांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. महासाथीच्या काळात ऐच्छिक झालेली सॅट परीक्षा एमआयटीने २०२२ साली पुन्हा अनिवार्य केली आणि त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी तोच निर्णय घेतला, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ती पाहतच नाही. इंग्रजीच्या परीक्षेबाबतही प्रत्येकाचा दंडक वेगळा असल्याने अर्जाच्या वर्षी मूळ सूचना वाचणे हाच उपाय.

स्वागत समितीला ज्या मुद्द्याकडे या परिषदेचे लक्ष प्रामुख्याने वेधायचे आहे, तो शाळा-महाविद्यालयांनी पाठवायच्या कागदांचा आहे. हजाराहून अधिक महाविद्यालये ज्याचा स्वीकार करतात त्या कॉमन अॅप नावाच्या सामाईक अर्जात विद्यार्थ्याने लिहायचा मुख्य निबंध अवघ्या ६५० शब्दांचा असतो; त्याशिवाय शाळेने एक अहवाल, समुपदेशकाने एक पत्र आणि विषयशिक्षकांनी आपापली पत्रे थेट पाठवायची असतात. अमेरिकी शाळेत नववी ते बारावी ही चार वर्षे सामान्यतः एकाच छताखाली जातात आणि विद्यार्थ्याला तेवढा काळ पाहिलेला समुपदेशक तेथे असतो. महाराष्ट्रात दहावीला शाळा सुटते आणि अकरावीला कनिष्ठ महाविद्यालय सुरू होते. तेथे एकेका तुकडीत शंभरावर मुले असतात, आणि खासगी क्लासशी संधान बांधलेल्या महाविद्यालयांत तर कित्येक विद्यार्थी प्रात्यक्षिकापुरतेच येतात. अकरावीचे गुण कोणी गांभीर्याने घेत नाही, घटक चाचण्यांची नोंद राहत नाही, बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, आणि अर्ज मात्र त्याआधीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत करायचा असतो. मग प्रवेश कार्यालयाला जो अपेक्षित निकाल कळवायचा, तो कशाच्या आधारावर कळवायचा? आणि ज्या शिक्षकाने मुलीला दोन वर्षांत नावाने हाक मारलेली नाही, त्याने तिच्या जिज्ञासेविषयी काय लिहायचे? परिणामी पुष्कळ ठिकाणी ‘विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व चारित्र्यवान आहे’ असा चारित्र्याच्या दाखल्याचाच मजकूर शिफारसपत्र म्हणून जातो, किंवा पत्र विद्यार्थ्याकडूनच लिहून घेऊन त्यावर सही केली जाते. हुशार मुलांचे अर्ज या एका कारणाने फिके पडतात, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दुसऱ्याच्या हातचा निबंध आणि विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेले शिफारसपत्र ही फसवणूक आहे, आणि तिला व्यवहारज्ञान म्हणण्याची सवय सोडली पाहिजे.

एजंट आणि व्हिसा यांविषयी सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. पालकांकडून शुल्क घेणारा सल्लागार त्याच वेळी विद्यापीठाकडूनही दलाली घेत असू शकतो, त्यामुळे त्याने सुचवलेल्या महाविद्यालयाची मान्यता स्वतंत्रपणे तपासावी. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाची संस्था बंद पडली तेव्हा तेथे नोंदलेले शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले होते. प्रवेशानंतर महाविद्यालय आय-२० हा दाखला देते. त्यासाठी निदान पहिल्या वर्षाचा खर्च कोठून येणार हे दाखवावे लागते, आणि त्या आधारे एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत होते. अमेरिकेत असताना महाविद्यालय बदलणाऱ्याने जुन्या संस्थेकडून आपली नोंद नव्या संस्थेकडे रीतसर वर्ग करून घेतल्याशिवाय जुनी जागा सोडू नये, कारण प्रवेशाचा ट्रान्सफर आणि व्हिसाच्या नोंदीचा ट्रान्सफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी चुकल्यास देशात राहण्याचा हक्कच जातो. मुंबईत युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनच्या केंद्रात अमेरिकी सरकारच्या एज्युकेशन-यूएसए उपक्रमाचे सल्लागार उपलब्ध असतात, ही सोय ज्यांना ठाऊक नाही अशा तालुक्याच्या गावांपर्यंत तिची माहिती पोहोचली पाहिजे.

या परिषदेला आलेल्या प्राचार्यांना स्वागत समितीची विनंती आहे की, येत्या जूनपासून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने एका अध्यापकाकडे परदेशी अर्जांचे काम रीतसर सोपवावे, त्याचा तासिकाभार त्या प्रमाणात कमी करावा, अकरावीपासूनच्या प्रत्येक चाचणीचे गुण जपून ठेवावेत, आणि महाविद्यालयाची, तिथल्या विषयांची व गुणदानाच्या पद्धतीची ओळख करून देणारे दोन पानी माहितीपत्रक इंग्रजीत तयार करून प्रत्येक अर्जासोबत पाठवावे. यातल्या कोणत्याही कामाला शासनाच्या परवानगीची वा मोठ्या निधीची गरज नाही.