‘पडशील!’ म्हणायच्या आधी: तीन ते पाच वर्षांची मुलं आणि त्यांच्या उड्या

बसमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, स्वयंपाक करत असाल तर गॅसकडे लक्ष ठेवा. आजचा विषय छोट्या मुलांचा आहे. ‘आमचं तर लग्नच झालेलं नाही’ म्हणून पुढे ढकलू नका. तुम्ही कुणाचे तरी काका, मामा, आत्या, मावशी असालच. आणि खरं सांगू का, मुलांशी दंगा करायचं काम आईबाबांपेक्षा आपल्याला जास्त चांगलं जमतं. कारण आपण रविवारी येतो आणि ताजेतवाने असतो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही आणि बालशिक्षणतज्ज्ञही नाही. गेले चार-पाच महिने घरच्या एका कारणाने या विषयावर बरंच वाचलं, ते सांगते.

आधी आकडे, म्हणजे एकदाचे संपतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी असावीत. बसून स्क्रीन बघणं १ तासाच्या आत, त्याहून कमी असेल तर उत्तम. झोप १० ते १३ तास. शिवाय बाबागाडीत किंवा कारच्या सीटवर सलग एक तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये.

१८० मिनिटं ऐकून वहिनीने कपाळावर हात मारला होता. ‘तीन तास? मी ऑफिसला कधी जाऊ?’ पण हे तीन तास सलग नाहीत आणि त्यासाठी क्लासही लावायचा नाही. वाळत घालायचे कपडे बादलीतून काढून देणं, भाजी आणायला चालत जाणं, गाणं लावून नाचणं, गादीवर लोळणं, सगळं यात धरायचं. सकाळी वीस मिनिटं, जेवणाआधी पंधरा, संध्याकाळी खाली तासभर, असं ते जमत जातं. अवघड असतो तो दम लागणारा एक तास, कारण त्याला जागा लागते आणि मोठ्यांचा धीर लागतो.

आता मुद्द्याचं. आपण समजतो की धावणं, उडी मारणं, चेंडू झेलणं हे वयाबरोबर आपोआप येतं. चालणं बहुतेक मुलांना येतं, हे खरं. पण लंगडी घालणं, नेम धरून फेकणं, येणारा चेंडू हातात घेणं हे संधी मिळाली, सराव झाला, तरच नीट येतं. या कौशल्यांचे ढोबळ तीन गट करतात. एक जागा बदलण्याचा: धावणं, उडी, लंगडी. दुसरा तोल सांभाळण्याचा. तिसरा वस्तू हाताळण्याचा: फेकणं, झेलणं, लाथ मारणं, टप्पा देणं.

डेल उलरिक नावाच्या अमेरिकन संशोधकाने मुलांची ही कौशल्यं मोजायची एक चाचणी बनवली आहे. तिच्या २००० सालच्या आवृत्तीत बारा कौशल्यं आहेत, सहा जागा बदलण्याची आणि सहा चेंडूची. मला त्यात आवडलं ते असं की मूल किती लांब फेकतं याला तिथे गुण नाहीत. फेकताना विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकतं का, हे बघतात. उडी किती लांब गेली याला गुण नाहीत. आधी गुडघे वाकले का, हात मागून पुढे आले का, दोन्ही पाय एकदम टेकले का, हे बघतात. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट नाही, कोड बघतात.

हे घरात केव्हा शिरलं ते सांगते. माझी भाची, भावाची मुलगी, सव्वाचार वर्षांची आहे. घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो. ती वाकडला आठव्या मजल्यावर राहते. दिवाळीनंतर तिच्या बालवाडीतून निरोप आला की क्रीडादिनाला चिऊ टाळ्या वाजवणाऱ्या गटात असेल, कारण ती उडी मारत नाही आणि धावताना मागे राहते. घरात लगेच शिक्का बसला, ‘आमची चिऊ जरा भित्रीच आहे.’ तो शिक्का मला खटकला, कारण ती झुरळ हातात धरते. भित्री कसली!

तिचा दिवस बघितला तर उत्तर समोरच होतं. सकाळी व्हॅन, बालवाडीत बाकावर बसून अक्षरं गिरवणं, पुन्हा व्हॅन, मग घरी आई. म्हणजे माझी आई, तिची आजी. आईचे गुडघे दुखतात, आठव्या मजल्याची गॅलरी आहे, नात पडली तर धावणार कोण? म्हणून दिवसभर ‘सांभाळून’, ‘पडशील’, ‘बस इथे’. जेवताना फोन. संध्याकाळी दादा-वहिनी येईपर्यंत साडेसात. यात आईला दोष द्यायचा मी साफ नाकारते. साठीनंतर चार वर्षांचं मूल एकटीने सांभाळणं म्हणजे काय, ते आपण करून बघावं आणि मग बोलावं.

दादाचं म्हणणं, एखादा जिम्नॅस्टिक्सचा क्लास लावू. माझं म्हणणं होतं, आधी फुकटातलं करू.

पहिली गोष्ट, आईला बसल्या जागेवरून घेता येतील असे खेळ शोधले. आई पलंगावर बसते आणि हुकूम सोडते: बेडकासारखी, सशासारखी, हत्तीसारखी, आता खेकड्यासारखी. खेकडा म्हणजे हात मागे टेकून, पोट वर करून चालायचं. तुम्ही स्वतः करून बघा, दहा पावलांत घाम फुटतो. मग शिवणापाणीचं घरगुती रूप: आई म्हणणार ‘दाराला शिव’, ‘फ्रिजला शिव’, ‘खिडकीच्या पडद्याला शिव’, आणि चिऊ पळणार. आईने त्यात स्वतःची भर घातली. ती भाज्यांची नावं घेते आणि चिऊ टोपलीतून एकेक आणून देते. बटाटे दोन-दोन. स्वयंपाकाची तयारीही होते.

दुसरी गोष्ट उडी. बग शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसंच केलं. आधी नुसतं जागच्या जागी गुडघे वाकवून उभं राहणं. मग फरशीवर खडूची रेघ, ती ओलांडायची. आठवडाभराने जिन्याची शेवटची पायरी. पहिल्यांदा माझे दोन्ही हात धरून, मग एक हात, मग फक्त एक बोट. बोटाचा आधार तसा काहीच नसतो, पण तो सुटेपर्यंत पंधरा दिवस गेले. त्यात घाई केली नाही. आणि पायात काही नाही. अनवाणी मुलाला जमीन कळते. चिवचिव वाजणाऱ्या सँडल मात्र कुणी भेट दिल्या तर कपाटात ठेवा.

झेलण्याचं वेगळं. सुरुवातीला मुलं हात ताठ पुढे करतात आणि चेंडू जवळ आला की तोंड फिरवतात. ते स्वाभाविक आहे, आपल्या अंगावर काहीतरी वेगाने येतंय म्हटल्यावर कुणीही तेच करेल. म्हणून आधी समोरासमोर पाय फाकून बसायचं आणि चेंडू घरंगळत द्यायचा. मग हवेत ओढणी सोडायची. ती सावकाश खाली येते, त्यामुळे मुलाला विचार करायला वेळ मिळतो. मग जुन्या मोज्यांचा गोळा. मग मोठा मऊ चेंडू, एक टप्पा देऊन. फुगाही चालतो, पण मोठं माणूस समोर असेल तरच, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो. क्रिकेटचा टेनिस बॉल थेट हातात मारणाऱ्या काकांनी जरा दम धरा. तुमचीही वेळ येईल.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण हीच. ‘पडशील’ हे ऐकून मुलाला करण्यासारखं काही मिळत नाही. त्याऐवजी ‘पाय कुठे ठेवणार?’, ‘त्या दांडीला धर’, ‘आधी खाली बघ’. चुकून तोंडातून ‘पडशील’ जातंच. आमच्या घरात आता ते कुणी म्हटलं की चिऊच ओरडते, ‘आजी, नीट सांग!’

मुलींबद्दल एक सांगायलाच हवं. बऱ्याच अभ्यासांत असं दिसतं की बालवाडीच्या वयातच फेकणं, झेलणं, लाथ मारणं यात मुली मुलांच्या मागे असतात. त्या वयात अंगाच्या ताकदीत काही एवढा फरक नसतो. मला वाटतं, फरक आपण आणून दिलेल्या खेळण्यांत असतो. भाच्याला बॅट, भाचीला भातुकली. दोघांना दोन्ही द्या की. आणि खाली खेळायला जाताना घेरदार फ्रॉक नको, चड्डी-टीशर्ट घाला.

हे सगळं एवढं का करायचं? पदकासाठी नाही. २००८ मध्ये डेव्हिड स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी एक विचार मांडला. लहानपणी मूल जितकं हलतं तितकी कौशल्यं वाढतात, आणि मोठं होताना ते उलटं फिरतं: ज्याला जमतं ते खेळत राहतं, ज्याला जमत नाही ते बाजूला बसतं. बाजूला बसल्यामुळे आणखी जमत नाही. पी.टी.च्या तासाला ‘ताई, पोटात दुखतंय’ म्हणणारी मुलं आपल्या सगळ्यांच्या वर्गात होती. टाळ्या वाजवणारा गट मला डाचला तो यासाठी. चौथ्या वर्षीच प्रेक्षकांत बसवायचं?

आणि हे आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची असं ठरवलं. अंगणवाडी शब्दात अंगण आहे ते उगाच नाही. आता अंगणाच्या जागी पार्किंग आहे आणि पार्किंगमध्ये ‘खेळण्यास मनाई’ अशी पाटी. सोसायटीच्या मीटिंगला तुम्ही जात असाल तर संध्याकाळी सहा ते सात एक कोपरा गाड्यांशिवाय मागून बघा. दादाने मागितला. तीन महिने लागले, पण मिळाला.

एक काळजीचं. सगळंच सरावाने सुटतं असं नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या यादीप्रमाणे अडीच वर्षांपर्यंत दोन्ही पाय उचलून उडी, चार वर्षांपर्यंत मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलणं, पाच वर्षांपर्यंत एका पायावर उडी, हे चारपैकी किमान तीन मुलांना जमतं. नाही जमलं तर घाबरू नका, पण बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि मूल आधी करत होतं ते आता करत नसेल, एकच बाजू वापरत असेल, किंवा जमिनीवरून उठताना हात स्वतःच्या मांड्यांवर टेकत टेकत उठत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. चिऊला आम्ही आधी दाखवून घेतलं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ‘हिला खाली सोडा.’

आजची स्थिती अशी. चिऊ खालून दुसऱ्या पायरीवरून उडी मारते, दोन्ही पायांवर उतरते. लंगडी दोन पावलं, मग भिंत. झेलणं अजून दहात तीन-चार. क्रीडादिन जानेवारीत आहे आणि यादीत तिचं नाव अजून टाळ्यांच्याच गटात आहे. वहिनी सोमवारी बाईंना भेटणार आहे. नंबर नको, बक्षीस नको, शेवटून पहिली आली तरी चालेल, फक्त धावू द्या, एवढंच मागायचं ठरलंय. काय झालं ते पुढच्या भागात सांगते. तोपर्यंत तुमच्या घरातल्या आजी-आजोबांनी शोधलेले बसून घ्यायचे खेळ मला व्हॉइस नोटवर पाठवा, आमच्या आईला खेकड्याचा कंटाळा आलाय.