आधी सिझर, मग नॉर्मल?

जयपुरात बाळंतपणाची दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत: चांदपोलचं जनाना आणि सांगानेरी गेटचं महिला चिकित्सालय. दोन्ही सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली. खेड्यापाड्यांतून अडलेल्या बाया इथं येतात. ज्यांचं पहिलं सिझर झालेलं असतं, त्यांच्या घरच्यांचा प्रश्न एकच, या खेपेला तरी नॉर्मल होईल ना?

एकदा सिझर की कायम सिझर, हा दंडक 1916 साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी लिहिला. खरं तर पहिलं सिझर जपून करा, हा त्यांचा रोख होता. त्या काळी गर्भपिशवीवर उभा छेद घेत, आणि पुढच्या खेपेला कळांच्या जोरानं तो फाटण्याची भीती मोठी असे. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा भाग कळांमध्ये फारसा आवळत नाही, त्यामुळे व्रण टिकून राहतो. छेद बदलला, दंडक मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

असा एकच आडवा छेद असेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरजणींपैकी सुमारे 72 ते 75 जणी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर 85 ते 90. व्रण उसवतो तो साधारण दोनशेत एकीचा. पण त्या एकीच्या बाबतीत बाळाचे ठोके अचानक पडतात आणि मिनिटांत पोट उघडावं लागतं.

म्हणून सगळी मदार पहिल्या डिस्चार्ज कार्डावर. कातडीवरचा व्रण आडवा दिसला म्हणून आतला आडवाच असेल असं नाही. तो कसा होता हे कागदच सांगतो. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे कार्ड माहेरच्या कपाटात आणि बाई सासरच्या दवाखान्यात!

डॉक्टरांच्या बाजूनंही भीती आहेच. मार्च 2022 मध्ये जयपूरशेजारच्या दौसा जिल्ह्यात, लालसोटला, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं एक बाई दगावली. जमाव जमला, डॉक्टर महिलेवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं जीव दिला. दगावलेल्या बाईचा आधीच्या सिझरशी संबंध असो-नसो, अशा वातावरणात कळांची वाट पाहण्यापेक्षा सुरी सोपी वाटली, तर दोष एकट्या डॉक्टरांना कसा द्यायचा?

सुरीही फुकटची नाही. दर सिझरागणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, आणि तशी वार सुटली नाही तर कधी गर्भपिशवीच काढावी लागते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राजस्थानात सिझरचं प्रमाण 10.4 टक्के होतं, महाराष्ट्रात 25.4. तेव्हा जयपूरचा हा प्रश्न पुण्या-नाशकात जास्तच घरांत विचारला जाणार. विचारताना त्याला आणखी एक जोडावा: रात्री दोन वाजता इथं भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल का?