आजीच्या तांब्यातून बचत नको



पर्यावरणाचा विषय निघाला की आपण झाडं, नद्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांबद्दल बोलतो. थकलेल्या माणसांच्या सेवेचा विषय निघाला की औषधं, पगार आणि वृद्धाश्रम यांबद्दल बोलतो. हे दोन विषय एका बैठकीत फारसे येत नाहीत. बीड जिल्ह्यात मात्र ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

कसे ते सांगतो. दसरा झाला की आपल्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. ती फेडायला नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याला जातो. पट्टा पडायला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपायला, मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. म्हणजे पाणी आटत जातं, ऊन चढत जातं, नेमके तेच महिने घरात हातपाय चालणारं कुणी नसतं. विहीर कोरडी पडली तर तरणा माणूस दोन शेतं ओलांडून घागर आणतो. गुडघे गेलेली आजी काय करणार? ती पाणी कमी पिते.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. पर्यावरणासाठी काटकसर जरूर करावी, पण ती आजीच्या तांब्यातून नको.

ही सावधगिरी का, तेही सांगतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनं २०२० साली जाहीर केलं की आपल्या थेट कारभारातलं कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचं. चांगली गोष्ट आहे. तिथं चोवीस तास गरम ठेवलेल्या इमारती आहेत, एकदा वापरून फेकायच्या वस्तूंचे ढीग आहेत, आणि त्यातून कमी करण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडची एकटी म्हातारी एका बल्बवर, दोन भाकरींवर आणि दोन घागरींवर दिवस काढते. तिला आणखी काटकसर कोणत्या तोंडानं सांगायची? आपल्याकडे टिकाऊ सेवेचा अर्थ निराळा आहे. दुष्काळ पडला, वीज गेली, मुलं कारखान्याला गेली, तरी जी बंद पडत नाही ती टिकाऊ सेवा. वाचवायचं असेल ते इमारतीत, यंत्रणेत आणि वाया जाण्यात वाचवावं.

सुरुवात पाण्यापासून करू. जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरलं आहे. टंचाईत टँकर लागला की ते २० लिटरवर येतं. धडधाकट माणूस ओढाताण करून त्यात भागवतो. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसायचं, चादर दिवसातून दोनदा बदलायची आणि ती धुवायची, तर २० लिटर सकाळीच संपतात. टँकरच्या हिशेबात मात्र सगळी माणसं सारखीच धरली जातात. आजाऱ्याच्या घरी चार घागरी जास्त टाका, असा ठराव करायला ग्रामपंचायतीला फारसा खर्च येत नाही.

वृद्धाश्रम किंवा दिवसभराचं सेवा केंद्र असेल तर आणखी एक हिशेब मांडता येतो. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. समजा २०० चौरस मीटरचं छत आहे. त्यावर वर्षाला एक लाख तीस हजार लिटर पाणी पडतं. पहिल्या सरीचं सोडून दिलं, थोडं उडालं, थोडं सांडलं, तरी लाखभर लिटर हाती लागतं. पाऊस निम्माच झाला तर बावन्न हजार. आता पंचवीस म्हाताऱ्या माणसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी पाच लिटर धरा. वर्षाला पंचेचाळीस हजार सहाशे पंचवीस लिटर होतात. म्हणजे निम्म्या पावसाच्या वर्षीसुद्धा पिण्यापुरतं पाणी छतावरून मिळतं. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने काढायला एकतीस हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते. गाळून आणि निर्जंतुक करून ते वापरायचं. अशी टाकी नसलेल्या वृद्धाश्रमाला टँकरची वाट पाहत बसावं लागतं.

आंघोळीचं पाणीही वाया घालवायचं कारण नाही. पंचवीस माणसांचं रोजचं पाचशे लिटर सांडपाणी शेवगा, केळी, पपई आणि कढीपत्त्याला सहज पुरतं. उरलेलं शोषखड्ड्यात सोडावं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली आणि डास हटवले. म्हाताऱ्या माणसाला डासांमुळे होणारे आजार झेपत नाहीत, त्यामुळे गटार बंद करणं हीसुद्धा त्याची शुश्रूषाच आहे.

आता उन्हाकडे वळू. वय झालं की तहान लागल्याचं शरीराला नीट कळत नाही, घामही कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्यात रात्री उठून बाहेर जावं लागेल या धास्तीनं माणूस पाणी टाळतो. अशा माणसाला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवणं धोक्याचं आहे. जुनी माळवदं थंड होती. पांढऱ्या मातीचं जाड छप्पर, रुंद भिंती, त्यामुळे दुपारी आत गारवा असायचा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या त्याच जाड घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यानं माळवदाचा धसका घेतला, आणि तो खरा होता. तेव्हा पुन्हा माळवदं बांधा, असं मी म्हणणार नाही. पण पत्र्याखाली तुराट्यांची किंवा बांबूच्या तट्ट्यांची दुसरी ताटी बांधून मधे हवा खेळती ठेवता येते. ती चुलीपासून आणि वायरीपासून लांब असावी. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी वरून पांढरा चुना मारावा, खोलीचं तापमान काही अंशांनी उतरतं. पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंबाची सावली मिळाली तर उत्तमच. यातल्या कशालाही विजेचं बिल येत नाही.

विजेचंही आपण पाहिलेलं आहे. २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ज्या जिल्ह्यात पाणी आटलं की वीजघर थांबतं, तिथं आजाऱ्याच्या खोलीला छतावरच्या सौर पट्ट्यांचा आणि बॅटरीचा आधार हवा. त्यातही साधी गोष्ट पंख्याची. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आत-बाहेर लागतात. म्हणजे तीच बॅटरी अडीचपट वेळ पंखा फिरवते. वीज नसलेल्या रात्री त्याचं मोल घामाघूम होऊन पडलेल्या माणसालाच ठाऊक.

आता एक विषय असा, की जो चारचौघांत कुणी काढत नाही. लघवी-संडासवर ताबा न राहिलेल्या माणसांसाठी डायपर आता तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर मिळतात. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे असतात. खेड्यात द्यायचे कुणाकडे? गाडीच येत नाही. मग ते उकिरड्यात, ओढ्यात किंवा जाळात जातात. जाळले तर प्लॅस्टिकचा धूर होतो आणि ओढ्यात टाकले तर वर्षानुवर्षं कुजत नाहीत. यावर कापडी दुपटी वापरा, जुन्या लुगड्या-धोतरांच्या घड्या करा, असं सांगणं सोपं आहे. पण ती धुवायला पाणी लागतं, आणि धुणारे हात बहुतेक वेळा सुनेचे असतात. टँकरच्या गावात हा भार तिच्यावर टाकून आपण पर्यावरण राखलं, असं म्हणता येणार नाही. म्हणून मधला मार्ग बरा. दिवसा कापड, रात्री किंवा प्रवासात डायपर. आणि त्याहून महत्त्वाचं, दर दोन-तीन तासांनी माणसाला स्वतःहून विचारून बसवणं. खाटेजवळ भोक पाडलेली साधी खुर्ची आणि खाली भांडं ठेवलं तर कितीतरी माणसांना डायपर लागतच नाही. कचरा वाचतो आणि माणसाची लाजही राहते.

सरकारी सेवा आपल्याकडे अगदीच नाहीत असं नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच लोखंडी सावरगावला वृद्धांच्या आजारांसाठी आणि मानसिक आरोग्यासाठी केंद्र उभं राहिलं. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ साली महिन्याला दीड हजार रुपये झाली. पण आष्टी-पाटोद्याच्या वाडीवरून अंबाजोगाई गाठायची, तर गाडीभाडं आणि सोबतचा माणूस यांतच योजनेचा पैसा संपतो. मोठं रुग्णालय मोठ्या आजाराला हवंच. मात्र रक्तदाबाची गोळी, जखमेची पट्टी आणि पाठीला झालेल्या शय्याव्रणांची निगा गावातच मिळाली पाहिजे. आशाताई आणि उपकेंद्र यांच्यामार्फत ती मिळू शकते. त्यात डिझेल वाचतं आणि म्हाताऱ्या हाडांचे हालही वाचतात.

जेवणाचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यातल्याच माणसांनी हाताळून दाखवला आहे. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली अंबाजोगाईत मानवलोक, म्हणजे मराठवाडा नवनिर्माण लोकायत, ही संस्था सुरू केली. या संस्थेनं एका बाजूला पाणलोटाची कामं केली, बांधबंदिस्ती केली, आणि दुसऱ्या बाजूला निराधार वृद्धांसाठी गावांमध्ये सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. हे दोन्ही एकाच संस्थेनं करावं, यात मला मोठं शहाणपण दिसतं. विहिरीला पाणी राहिलं तर गावातल्या चुलीवर म्हाताऱ्यांचं जेवण शिजतं. शिवाय वीस म्हाताऱ्यांनी वीस चुली पेटवून धूर खाण्यापेक्षा एका चुलीवर वीसजणांचं जेवण केलं तर सरपण किंवा गॅस कितीतरी कमी लागतो. आणि वृद्धाला घर, अंगण आणि ओळखीची माणसं सोडून जावं लागत नाही.

यालाच जोडून एक सूचना करतो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. म्हणजे हंगामात शाळेच्या मुलांसाठी चूल पेटतेच. त्याच चुलीवर नातवाबरोबर एकट्या आजी-आजोबांचंही ताट वाढलं, तर नवी इमारत लागत नाही, नवी भांडी लागत नाहीत. सध्याच्या योजनेत मुलांपुरताच खर्च धरलेला असतो. त्यात वृद्धांच्या ताटाची भर घालायला शासनानं आणि ऊसतोड कामगारांच्या महामंडळानं मनावर घ्यावं. ऊस कारखान्यांचा, साखर सगळ्यांची, मग गावात मागे राहिलेल्यांचा भार एकट्या म्हातारीवर का?

आणि सेवा घेणारा माणूस म्हणजे निव्वळ खाणारं तोंड, ही समजूतही सोडू या. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. समाजानं टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांना घेऊन बाबा आमटे यांनी ते उभं केलं. तिथं जुन्या टायरांचे बंधारे झाले, लोखंड आणि लाकूड न वापरता कमानीच्या छतांची घरं झाली, प्लॅस्टिकचा कचरा कामाला लागला. ज्यांची सेवा करायची, त्यांच्याच हातांनी ही कामं झाली. आपल्या म्हाताऱ्यांनाही बी राखता येतं, रोपं करता येतात, गोधडी शिवता येते, कोणत्या ओढ्याला पूर्वी किती दिवस पाणी असायचं ते सांगता येतं. ज्याला जेवढं झेपेल आणि आवडेल तेवढंच. सक्ती नको.

श्रोतेहो, बहात्तरच्या दुष्काळात वीस-बावीस वर्षांची असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या शिवारातले पाझर तलाव आणि नालाबंडिंग यांची माती त्यांनी डोक्यावरून वाहिली, खडी फोडली. त्या तलावांनी विहिरींना पाणी दिलं. त्यांच्या वाट्याची घागर हे आपल्यावरचं देणं आहे, उपकार नाही.

म्हणून शेवटी कामाचं बोलतो. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या थोडं आधी. त्या सभेत चार गोष्टी मांडा. हंगामात एकटी राहणारी आणि अंथरुणावर असलेली माणसं किती, त्यांची यादी वाचा. टंचाईत त्यांना जास्तीचं पाणी कोण पोहोचवणार, त्याचं नाव लिहून घ्या. शाळा, समाजमंदिर किंवा पंचायत यांपैकी एका छताचं पाणी टाकीत उतरवण्याचा ठराव करा. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. दिव्यांगांसाठी पंचायतीनं स्वउत्पन्नाचे पाच टक्के राखायचे असतात, ते कुठं खर्च झाले तेही विचारा. आणि एका चुलीवर एकट्यांचं जेवण करायला कोण तयार आहे, ते तिथंच ठरवा. या चारही गोष्टी इतिवृत्तात लिहिल्या गेल्या की नाहीत, ते सही करण्याआधी वाचून घ्या.