रकाना चुकला आणि ओवी हरवली

बचत गटाच्या कामानं मी नांदेड-लातूरच्या गावांतून फिरते आणि आठवड्यातले दोन दिवस आपल्या रेडिओ केंद्रावर बसते. आज सांगणार आहे ते कॉम्प्युटरचं आहे, पण घाबरू नका. आपल्या गटाच्या वहीसारखंच आहे.

मागच्या महिन्यात एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड केल्या. संध्याकाळी सहाला लागणार म्हणून आजी शेजारणींना घेऊन रेडिओजवळ बसल्या. सहा वाजले आणि भलतंच गाणं लागलं. दुसऱ्या दिवशी आजींचा फोन आला, "माझी ओवी कुठं गेली गं माय?"

ओवी कॉम्प्युटरमध्येच होती. चुकली होती यादी. केंद्रावर एक प्रोग्रॅम गाण्यांची यादी बनवतो, तिला लॉग म्हणतात. दुसरा प्रोग्रॅम ती वाचून गाणी लावतो. हा दुसरा नाव वाचत नाही, जागा मोजतो. इतक्या जागांनंतर गाण्याचा क्रमांक, एवढंच त्याला ठाऊक. रिव्हेन्डेल या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही क्रमांक कितव्या जागेपासून सुरू होतो, हे आधी सांगून ठेवावं लागतं. वहीत ठेवीची रक्कम कर्जाच्या रकान्यात पडली तर हिशेब चुकतो, तसंच हे.

आमच्या यादीत नाव आधी आणि क्रमांक नंतर होता. बाकीची नावं इंग्रजी अक्षरांत होती, ती नीट आली. ओवीचं नाव मात्र मी हौसेनं मराठीत लिहिलं. आपल्याला 'की' हे एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटर त्यात क वेगळा आणि वेलांटी वेगळी धरतो, आणि साठवताना प्रत्येकीला तीन-तीन जागा देतो. त्यामुळं क्रमांक पुढं सरकला, प्रोग्रॅमला तो सापडला नाही, आणि ती ओळ सोडून त्यानं पुढचं गाणं लावलं.

यादी टाकणारा मुलगा त्या दिवशी गावाला गेला होता. आम्हा बायकांना काहीच कळलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

मग आम्ही शिकलो. आधी वेळ लिहायची, चोवीस तासांची. संध्याकाळचे सहा म्हणजे १८. मग क्रमांक, ठरलेल्या सहा आकड्यांत, कमी पडले तर पुढं शून्यं. आकडे इंग्रजीच. नाव शेवटी, मग ते खुशाल मराठीत लिहा. यादी टाकल्यावर ओळी मोजायच्या: वीस दिल्या, तर वीस आल्या का? हे आदल्या संध्याकाळीच करायचं.

आपल्या शेजारी तेलंगणात, झहीराबादजवळच्या माचनूरला गावातल्या बायका २००८ पासून संघम रेडिओ चालवतात. आपल्यालाही जमेल.

त्याच आठवड्यात ओव्या पुन्हा लावल्या. यादी या वेळी गटातल्या दोघींनी टाकली. बरोबर सहाला आजींचा आवाज आला.