कळलावीचे चित्र



वसंतातल्या व्याख्यानाला पावसाळी फुलाचे चित्र घेऊन मी उभा आहे, याबद्दल क्षमा असावी. या घटकेला कळलावी आपल्या औंढ्याच्या बाजूला कंदरूपाने जमिनीत निजलेली आहे. श्रावणात ती पानांची टोके दोरासारखी गुंडाळीत कुंपणावर चढेल.

हे फूल घरात आणले की भांडण लागते म्हणतात. माझे भांडण कागदावर लागले. फूल मान खाली घालते आणि सहाही पाकळ्या उलट्या वर फिरतात, कडांना झालर. उमलताना ते हिरवट-पिवळे असते, मग तांबडे चढत जाऊन अखेर गर्द लाल होते. फोटोत एकच क्षण येतो. मी तीन वयांची तीन फुले एका वेलीवर काढली. जलरंगात कागदाचाच पांढरेपणा राखायचा असतो. आधी पातळ पिवळा हात, तो पुरता वाळल्यावर तांबडा. घाई केली की झालर गेलीच!

चित्र एका वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखविले. ते म्हणाले, "सुंदर आहे, पण कळलावी नव्हे." स्त्रीकेसराचा दांडा मी सरळ खाली सोडला होता. खरा दांडा बुडाशीच काटकोनात आडवा वळतो. तो वाऱ्याने वाकला असेल असे समजून मीच 'सुधारला' होता! सगळे पुन्हा काढले.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास एका चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. गिब्सनांचे नाव राहिले. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढेच कळते; नाव नाही. म्हणून मी कोपऱ्यात गाव, तारीख आणि माझे नावही घालतो. चूक कोणाची, ते तरी कळावे.

जाता जाता एक सूचना. कळलावी विषारी आहे, कंद तर फारच. त्यात कोल्चिसीन असते. ब्रशाचे टोक ओठांनी जुळविण्याची खोड असणाऱ्याने आधी हात धुवावेत.

कागदाचा हा खालचा भाग कोरा दिसतो, तो कंदासाठी. औषधासाठी कंद उकरणारे पुष्कळ आहेत. चित्रासाठी मी आणखी एक उकरावा की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.