पाकिटातले चित्र



अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत मागणी आधी येते आणि पुरवठा तिच्या मागून. मीही अनेक वर्षे असेच शिकवीत आलो. सिगारेटच्या पाकिटात एके काळी मिळणाऱ्या चित्रांचा इतिहास मात्र हा क्रम उलटा करतो.

अमेरिकेत रिचमंड येथे ॲलन अँड जिंटर ही कंपनी होती. तिच्या कारखान्यात तरुण मुली हाताने सिगारेटी वळीत. कुशल मुलगी मिनिटाला चार वळी. कंपनीने यंत्रासाठी ७५ हजार डॉलरचे बक्षीस लावले. जेम्स बॉन्सॅक या तरुणाने यंत्र बनविले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. वेग मिनिटाला सुमारे २००! ज्यांनी बक्षीस लावले त्यांनीच ते नाकारले, आणि १८८४ मध्ये डरहॅमच्या जेम्स ड्यूकने ते उचलले.

एका यंत्राने पन्नास जणींचे काम केले. पण तेवढे ओढणारे कोठून आणावयाचे? उत्पादनाचा प्रश्न सुटला आणि गिऱ्हाईक घडविण्याचा प्रश्न उभा राहिला. पाकीट मऊ कागदाचे असे. सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर रंगीत शिळाछापाची चित्रे आली : पक्षी, राष्ट्रांची निशाणे, बेसबॉलचे खेळाडू, मुष्टियोद्धे, नट्या. सिगारेटी वळणाऱ्या मुलींचे चित्र मात्र माझ्या पाहण्यात नाही. संच बहुधा पन्नासांचा. एक उणे असले की जीव बेचैन. न ओढणारी मुलेसुद्धा वडीलधाऱ्यांच्या पाकिटावर डोळा ठेवून असत. ड्यूकच्या धर्मनिष्ठ पित्याने १८९४ मध्ये मुलाला पत्र लिहून असल्या चित्रांबद्दल नापसंती कळविली. त्याचा आक्षेप नट्यांच्या वेषभूषेवर होता, धंद्यावर नव्हता.

१८८९ मध्ये ड्यूकने जाहिरातीवर सुमारे ८ लक्ष डॉलर उधळले. हा पैसा यंत्राने वाचविलेल्या मजुरीतूनच आला, असे माझे मत आहे. मजुरी गेली ती चित्रांच्या रूपाने गिऱ्हाइकाच्या खिशात शिरली.

चढाओढ सर्वांनाच जड झाली. १८९० मध्ये ॲलन अँड जिंटरसह पाच कंपन्या ड्यूकच्या नेतृत्वाखाली अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्या. गिऱ्हाईक ओढण्याची निकड सरली, आणि काही वर्षांतच अमेरिकन पाकिटांतील चित्रेही आटली. १९०१ मध्ये ड्यूक ब्रिटनमध्ये उतरला, तेव्हा ब्रिस्टलच्या विल्ससह १३ कंपन्यांनी इम्पीरियल टोबॅको उभी केली. वर्षभर झुंज चालली. १९०२ मध्ये उभयतांनी बाजार वाटून घेतला आणि उरलेल्या जगासाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही सामाईक कंपनी काढली. १९१० मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेली इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया ही त्याच वाटणीचे अपत्य.