संगणकाच्या मागावरील लोकर

नव्या घराच्या सजावटीचें चित्र संगणकाच्या पडद्यावर पाहण्याचा प्रसंग हल्लीं शहरांतील पुष्कळ कुटुंबांवर येतो. भिंतींना अद्याप गिलावा झालेला नसतो, खिडकीला चौकट बसलेली नसते. तथापि पडद्यावर दिवाणखाना पुरा सजलेला असतो, खिडकींतून कोंवळें ऊन आलेलें असतें, आणि मध्यभागीं करड्या लोकरी कापडानें मढविलेला कोच मांडलेला असतो. सजावटकार मोठ्या अभिमानानें तें चित्र दाखवितो. अशा वेळीं घरांतील एखादी वृद्ध स्त्री चष्मा सांवरून क्षणभर पाहते आणि म्हणते, “ही कांहीं लोकर नव्हे; हा तर कागद चिकटविलेला दिसतो.” कागद कां दिसतो, हें तिला सांगतां येत नाहीं, सजावटकारालाहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. परंतु तिचा निर्णय बहुधा बरोबर असतो, आणि घरांतील माणसें त्याच चित्रावर विसंबून हजारों रुपयांचें कापड घेणार असतात. तिच्या डोळ्यांना जें कळलें, तें संगणकाला कसें शिकवावें, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नाहीं.

प्रथम लोकरीचें कापड म्हणजे काय, तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. मेंढीच्या लोकरीचा तंतु सरळ नसतो. तो नागमोडी असतो, आणि त्याच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचा तंतु सुमारें २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनहि बारीक. अशी लोकर नुसती पिंजून कातली, तर तंतु नाना दिशांना पसरलेले राहतात आणि सूत फुगीर व लवदार होतें. ट्वीडचें सूत बहुधा या जातीचें असतें. तीच लोकर विंचरून, आंखूड तंतु काढून टाकून आणि लांब तंतु समांतर करून कातली, तर सूत गुळगुळीत होतें. सुटाचें वर्स्टेड कापड या सुताचें. रंग एक, वीण एक, तरी हीं दोन कापडें शेजारी ठेवलीं असतां कोणासहि वेगळीं ओळखूं येतात.

सुतानंतर वीण. साध्या विणींत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून व एकाखालून जातो. ट्विलच्या सर्वपरिचित विणींत तो दोहोंवरून व दोहोंखालून जातो, आणि प्रत्येक ओळींत एक धागा पुढें सरकतो. त्यामुळें कापडावर तिरप्या रेघा उमटतात. याच विणींत चार गडद व चार फिके धागे उभे-आडवे घातले, कीं हाउंडस्टूथ नांवाची सुप्रसिद्ध नक्षी तयार होते. आपल्याकडील घोंगडीचें उदाहरण तर अनेकांच्या घरींच सांपडेल. दख्खनी मेंढीची राठ लोकर, हातानें कातलेलें कोठें जाड तर कोठें बारीक सूत, आणि चिंचोक्याच्या खळीनें आलेला ताठपणा, या तिन्ही गोष्टी तिच्या पोतांत डोळ्यांना दिसतात. पोत म्हणजे कापडावर वरून चढविलेला रंग नव्हे. तो कापडाच्या घडणीचा इतिहास होय.

संगणकानें आरंभीं या इतिहासाकडे पाहिलेंच नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत एडविन कॅटमुल यांनीं आपल्या प्रबंधांत, गणितानें उभारलेल्या वक्र पृष्ठभागावर एखादें चित्र बसविण्याची रीत मांडली. या रीतीनें लांकूड, वीट, कापड यांचीं छायाचित्रें वस्तूंवर चढवितां येऊं लागलीं. युक्ति मोठी उपयोगाची. परंतु छायाचित्र अखेर सपाटच. चार वर्षांनीं, १९७८ मध्यें, जेम्स ब्लिन यांनीं तिला जोड दिली. पृष्ठभाग गुळगुळीतच ठेवावयाचा, मात्र प्रकाशाचा हिशेब करतांना त्याचें तोंड जागोजाग किंचित् कललें आहे असें मानावयाचें, अशी ती योजना होती. या मानीव कलामुळें उंचसखलपणा नसतांहि तो असल्याचा भास होतो. आजहि सजावटीच्या चित्रांतील बहुतेक कापडें या दोन कल्पनांवरच उभीं असतात. मग वृद्धेला तीं कागदासारखीं कां वाटतात?

पहिलें कारण मापाचें. समजा, २० सेंटिमीटर रुंदीच्या तुकड्याचें छायाचित्र घेतलें. दोन मीटर लांबीच्या कोचावर तें ओळीनें दहा वेळां बसलें पाहिजे. तें ताणून दोनच वेळां बसविलें, तर प्रत्येक सूत पांचपट जाड दिसतें, आणि एवढा मोठा कोच बाहुलीच्या घरांतला वाटूं लागतो. म्हणून जाणता कारागीर कापडाशेजारीं मोजपट्टी ठेवूनच छायाचित्र घेतो. तुकडा कापतांनाहि त्याला धागे मोजावे लागतात. हाउंडस्टूथची नक्षी आठ धाग्यांनीं पुरी होते. तुकड्यांतील धाग्यांची संख्या आठाच्या पटींत नसेल, तर प्रत्येक जोडावर ती मोडते.

दुसरें कारण पुनरावृत्तीचें. तुकड्यांत एखादी गांठ असली, तर तीच गांठ ठराविक अंतरानें दहा वेळां दिसते. मागावर अशी शिस्त कधींच नसते. यासाठीं तुकडा शक्य तेवढा मोठा घेतात, ठळक खुणा पुसून टाकतात, आणि सबंध पृष्ठभागावर हलकी अनियमितता वेगळी पसरतात. अशी नैसर्गिक भासणारी अनियमितता गणितानें निर्माण करण्याची पद्धति केन पर्लिन यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली, आणि ती अद्याप वापरांत आहे. यंत्राला चुका करावयास शिकविण्यासाठीं एवढें गणित लागावें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

तिसरें कारण प्रकाशाचें. छायाचित्र डावीकडील उजेडांत घेतलें, तर प्रत्येक धाग्याची सांवली उजवीकडे पडलेली असते. चित्रांतील खिडकी उजवीकडे असली, तर कोचाची सांवली एका बाजूला आणि त्याच्या धाग्यांची दुसऱ्या बाजूला, असा विसंवाद उत्पन्न होतो. पाहणाऱ्याला त्याचें नांव सांगतां येत नाहीं, पण कांहीं तरी खोटें आहे असें वाटत राहतें. म्हणून कापडावर सर्व बाजूंनीं सारखा, मऊ प्रकाश टाकून केवळ रंग टिपतात, आणि उंचसखलपणाची नोंद निराळी ठेवतात. सांवली पाडण्याचें काम मग चित्रांतील खिडकीकडेच राहतें.

चौथी गोष्ट शिंप्याच्या विद्येची. खरा कोच मढवितांना कापडाचे उभे धागे पाठीवरून सरळ खालीं आणि बैठकीवरून पुढें आणतात. हाताच्या गोलाईसाठीं वेगळा तुकडा कापतात. संगणकावर तींच बेतणी केली नाहीं, तर ट्विलच्या रेघा कोपऱ्यावर वितळल्यासारख्या वळतात.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट लवेची आहे. लोकरीच्या सुतांतून असंख्य तंतु बाहेर डोकावत असतात. प्रकाश त्यांत शिरतो, अनेकदां विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. कोचाच्या कडेवर, जेथें नजर पृष्ठभागाला चाटून जाते, तेथें लवेची अंधुक झळाळी दिसते. डिस्ने चित्रसंस्थेच्या ब्रेंट बर्ली यांनीं २०१२ मध्यें मांडलेल्या प्रकाशपद्धतींत कापडाच्या या झळाळीसाठीं एक स्वतंत्र संख्याच राखून ठेवली. याच्या एक वर्ष आधीं, २०११ मध्यें, कॉर्नेल विद्यापीठांतील शुआंग झाओ, वेन्झेल याकोब, स्टीव्ह मार्श्नर आणि कविता बाला यांनीं निराळाच मार्ग धरला. त्यांनीं कापडाचे इवलेसे तुकडे क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शी यंत्रांत ठेवले आणि त्यांच्या आंतील तंतूंची मांडणी तिन्ही मितींत मोजली. नंतर त्याच कापडाच्या छायाचित्राशीं ताडून प्रकाशाचे अंक ठरविले. त्या प्रतिकृतींत कापड हें पृष्ठभाग न राहतां तंतूंनीं भरलेला घनदाट थर झालें. कविता बाला यांचें अभियांत्रिकीचें पदवीशिक्षण मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें झालें, ही गोष्ट मराठी वाचकांस कौतुकाची वाटेल.

या सर्व प्रयत्नांचा रोख एकच दिसतो. छायाचित्र चिकटविण्यापासून निघालेलें शास्त्र पन्नास वर्षांत पायरीपायरीनें मागाकडे गेलें. प्रथम विणीशीं, मग सुताशीं, अखेर तंतूशीं पोहोंचलें. जो चित्रकार विणकराचें ज्ञान टाळतो, त्याची लोकर कागदच राहते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर विणल्या जाणाऱ्या हॅरिस ट्वीडचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. १९९३ च्या कायद्यान्वयें तें बेटवासीयांनीं आपल्या घरीं हातमागावरच विणावें लागतें. त्याची लोकर कातण्यापूर्वींच रंगवून निरनिराळे रंग एकत्र पिंजतात. म्हणून दुरून तपकिरी दिसणाऱ्या कापडांत जवळून निळा, पिवळा, तांबूस असे तंतु सांपडतात. पडद्यावर त्याला एकच तपकिरी रंग दिला, तर माप, वीण व प्रकाश बरोबर असूनहि कापड मेलेलें दिसतें.

येथें एक इशाराहि आवश्यक आहे. प्रतिकृति कितीहि हुबेहूब झाली, तरी तिला ऊब नसते, ती टोंचत नाहीं, आणि दहा वर्षांच्या वापरानंतर तिचें काय होईल तें ती सांगत नाहीं. घोंगडीची उत्तम प्रतिकृति संगणकांत ठेवली म्हणजे घोंगडी जतन झाली, असा समज कोणीं करून घेऊं नये. सूत कातणारा हात आणि खळ ओळखणारी बोटें नाहींशीं झालीं, तर पुढच्या चित्रकारानें शिकावें कोणाकडून? म्हणून सजावटकाराच्या चित्रानें मन प्रसन्न झालें, तरी शहाण्या गृहस्थानें कापडाचा वीतभर नमुना मागवावा, तो खिडकीपाशीं उजेडांत धरावा, आणि घरांतील त्या वृद्ध स्त्रीच्या हातीं द्यावा. बोटांनीं तो चिमटींत धरून ती “ही खरी लोकर” असें म्हणेल, तरच पैसे मोजावेत.